आमची ताई आणि सिकलसेल



दरवर्षी 19 जूनला जागतिक सिकलसेल दिन येतो आणि या पानावर आम्ही तपासणी कशी होते, गोळ्या कोणत्या, काळजी काय घ्यायची हे लिहितो. यंदाही तेच सांगायचे आहे, पण आमच्या ताईच्या निमित्ताने. मागच्या महिन्यात आम्ही तिघे भावंडे, दोन बहिणी आणि एक भाऊ, कुहीच्या घरी जमलो आणि जे जे आठवले ते बोललो. आमच्यातली धाकटी नर्स झाली, पुढे नोकरी सोडून वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करू लागली. लिहिणारा हात तिचा आहे, आठवणी तिघांच्या आहेत.

ताईचा जन्म 1975 चा. आठ महिन्यांची असताना तिच्या हातापायांची बोटे सुजली. आई सांगायची, बोटाला नुसता हात लागला तरी पोर किंचाळायची. आजीने तेल चोळले, शेक दिला. सिकलसेल असलेल्या बाळात आजाराची अगदी पहिली खूण हीच असू शकते, हे आज आम्हाला माहीत आहे. सहा महिन्यांनंतर बाळाच्या हातापायांची बोटे दुखून सुजली तर रक्त तपासायला न्या. आमच्या घरात तेव्हा हे कोण सांगणार? ताईचे डोळे पिवळे दिसले की तिला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेत. तो चुन्याच्या पाण्याने हात धुवायचा, पाणी पिवळे झाले की कावीळ उतरली. दोन-तीन महिन्यांनी ती परत चढायची. "हिची कावीळ जुनी आहे," हे निदान आमच्या घरात अठरा वर्षे चालले.

आमचा भाग धानाचा आणि मिरचीचा. ताई तेरा वर्षांची असताना आईबरोबर रोवणीला गेली. दिवसभर चिखलपाण्यात वाकून उभे राहायचे, वरून पाऊस. त्या रात्री तिच्या मांड्या आणि कंबर अशी दुखू लागली की ती भिंतीवर डोके आपटत होती. सकाळी पाहिले तर सूज नाही, ताप नाही, कुठे खरचटलेले नाही. बांधीवरच्या बायांनी निकाल दिला, "काम आलं का हिचं दुखते." पुढच्या वर्षी पुन्हा तेच झाले. मग तिला नावच पडले, कामचोर. खरे सांगायचे तर हा शब्द आम्हीही वापरला. पाणी भरायची पाळी तिची आणि ती अंथरुणात, म्हणजे आमचे डोके फिरायचे. भाऊ सांगतो, एकदा त्याने तिच्या अंगावरचे पांघरूण ओढून तिला उठवले होते आणि ती रडत रडत हापशीवर गेली होती. इतक्या वर्षांत हे त्याने कोणाला सांगितले नव्हते. या वेळी सांगितले आणि उठून अंगणात गेला.

रोवणीनंतरच का दुखायचे, ते समजून घेऊ. साधी लाल रक्तपेशी गोल आणि मऊ असते, केसाहून बारीक रक्तवाहिनीतूनही वाकून निघून जाते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या साखळीत एका जागी एक अमिनो आम्ल बदललेले असते, बाकी सगळे तेच. पण प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन आतल्या आत एकमेकाला चिकटून कडक होते आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी वाहिनीत अडकून पडतात, पुढे रक्त जात नाही आणि हाडाचा तेवढा भाग रक्तावाचून तडफडतो. थंड पाणी, थंडीवारा, भिजणे, उन्हात राबून अंगातले पाणी कमी होणे, ताप, फार दमणूक, यातले काहीही त्याला पुरते. रोवणीत तर यातले बरेचसे एकत्रच येते. शिवाय निरोगी लाल पेशी 120 दिवस जगते, ही पेशी 10 ते 20 दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी आणि म्हणूनच डोळे पिवळे. चुन्याच्या पाण्याचा त्याच्याशी काहीएक संबंध नाही.

1993 साली एकदा दुखणे थांबेचना, म्हणून बाबांनी तिला नागपूरला नेले. तिथल्या एका तरुण डॉक्टरने आधी गाव विचारले, मग आईला विचारले, घरात आणखी कोणाचे असे हातपाय दुखतात का. रक्ताची साधी विद्राव्यता चाचणी झाली, मग इलेक्ट्रोफोरेसिस. कागदावर दोन अक्षरे आली, एसएस. नंतर आमच्या सगळ्यांची तपासणी झाली. आई एएस, बाबा एएस. आम्हा तिघांत दोन एएस, एक एए.

ही अक्षरे वाचकांनी एकदा नीट समजून घ्यावीत, कारण वस्तीत फिरताना आम्हाला फार गोंधळ दिसतो. प्रत्येकाला या हिमोग्लोबिनचे एक जनुक आईकडून आणि एक बापाकडून मिळते. दोन्हींत दोष असेल तर एसएस, म्हणजे आजार. एकातच असेल तर एएस, म्हणजे वाहक; त्याला सहसा काही होत नाही, तो रोजचे काम करतो, त्याला औषध लागत नाही आणि एएसचा पुढे एसएस होत नाही. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी बाळाची शक्यता 25 टक्के, वाहकाची 50 टक्के आणि निर्दोष बाळाची 25 टक्के. प्रत्येक गरोदरपणात, हे लक्षात घ्या. "पहिलं आजारी झालं, आता पुढचे तीन सुटले," असे समजणारी जोडपी आम्हाला आजही भेटतात. फासा दर वेळी नव्याने पडतो.

आईने मात्र यातून एकच अर्थ काढला, "माह्याच रक्तात खोट व्हती." बाबांच्या रक्तातही तेवढीच होती, पण बाबांना तसे कोणी म्हणाले नाही. शेजारच्या एकीने मागच्या जन्मीच्या पापाची गोष्ट काढली तेव्हा ताईच तिला म्हणाली, "मावशी, आपल्या घरी फोटो कोणाचा हाय ते पाहून बोल."

पाप वगैरे काही नाही. मलेरियाने जिथे पिढ्यान्पिढ्या माणसे मारली तिथे हा बदल टिकून राहिला, कारण वाहक मुले जीवघेण्या मलेरियातून जास्त वाचली. आफ्रिकेत तसे झाले, अरबस्तानात आणि आपल्या मध्य भारतातही. जगात या आजाराचे पहिले वर्णन 1910 साली शिकागोत डॉ. जेम्स हेरिक यांनी केले. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर नोएल. भारतात 1952 साली नीलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकलसेल आढळला. आणि 1958 साली नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या प्रसिद्ध नियतकालिकात लिहिले. म्हणजे ताई जन्मली तेव्हा नागपूरला हा आजार माहीत होऊन 17 वर्षे झाली होती. कुहीपासून नागपूर चाळीसेक किलोमीटर. आमच्या घरापर्यंत ते ज्ञान पोचायला 35 वर्षे लागली. आमच्या वस्त्यांकडे येणारा रस्ता नेहमीच असा लांबतो.

ताई फक्त आजारी नव्हती, हेही लिहिले पाहिजे, नाहीतर ती रागावली असती. दहावी तिने तिसऱ्या खेपेला काढली. दोनदा परीक्षेच्याच दिवसांत अंथरुणाला खिळली होती. रोवणी बंद झाल्यावर ती मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला जाऊ लागली. बसून करायचे काम, मजुरी किलोवर. तोंडाला ओढणी बांधून ती इतक्या झपाट्याने खुडायची की बाकीच्या बाया तिच्या शेजारी बसायला नाखूश असत. आयुष्यभर मिरची खुडली, पण तिच्या जेवणात तिखट चालायचे नाही. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती छोट्या गाडीने दीक्षाभूमीला जायची. सोबत पाण्याचा मोठा कॅन. लोक हसायचे, ती ऐकून घ्यायची आणि घोटघोट प्यायची. तिथल्या स्टॉलवरून आणलेली पुस्तके एका पत्र्याच्या पेटीत ठेवून तिने विहारातल्या पोरांसाठी वाचनालय काढले. उशीर झाला तर रुपया दंड. तो ती कोणालाही माफ करायची नाही, आमच्या भाच्यालासुद्धा.

स्थळे यायची. बाबांचे म्हणणे होते, आजाराचे सांगू नका, लग्न झाल्यावर पाहू. ताईने दोन्ही वेळा चहाचा ट्रे ठेवल्या ठेवल्या सांगून टाकले, मला सिकलसेल आहे. दोन्ही स्थळे परत फिरली. त्यानंतर तिने तो विषयच बंद केला. सिकलसेलच्या बाईला लग्न करता येत नाही किंवा मूल होत नाही, असे मुळीच नाही. गरोदरपणात जोखीम जास्त असते आणि मोठ्या रुग्णालयाच्या देखरेखीखाली राहावे लागते, एवढेच. हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले असते तर काय झाले असते, कोणास ठाऊक.

आता जे लिहायचे आहे ते नर्स बहिणीला जड जाते आहे. डिप्लोमा झाला, एका रुग्णालयात नोकरी लागली. वॉर्डात सिकलसेलचा रुग्ण आला की स्टाफमध्ये डोळ्यांची खाणाखुणी व्हायची. नाडी ठीक, रक्तदाब ठीक, एक्स-रेत काही नाही आणि हा माणूस सारखा इंजेक्शन मागतो. सवय लागली असेल, नाटक करत असेल. एका रात्री एक कॉलेजातला मुलगा तीनदा इंजेक्शन मागायला उठला. तिसऱ्या वेळी आमच्या बहिणीने त्याला सुनावले, "घरी जाऊन झोप काढ." तिची स्वतःची बहीण घरात याच दुखण्याने भिंतीवर डोके आपटायची, आणि तिने हे म्हटले. सुटीत कुहीला आल्यावर तिने हे ताईला सांगितले. ताई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्याचं नाव मालूम हाय का तुले?" नाव आठवत नव्हते.

या दुखण्याचे माप यंत्रात नाही. रुग्णाने शून्य ते दहात जो आकडा सांगितला तोच खरा धरायचा आणि लवकर, पुरेसे वेदनाशामक द्यायचे, सलाइन लावायचे, अंग उबदार ठेवायचे. जगभर याच पद्धतीने उपचार होतात. आपल्याकडचा सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य, असेही बरीच वर्षे मानले जायचे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी विदर्भातल्या मुलांचा अभ्यास करून दाखवले की इथली पुष्कळ मुले चांगलीच गंभीर असतात. हायड्रॉक्सियुरिया या गोळीचा कमी मात्रेतला उपयोगही नागपुरात तपासला गेला आणि 2012 साली प्रसिद्ध झाला. ही गोळी रोज घेतली की दुखण्याचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ दोन्ही कमी होतात. मात्र ठरल्या वेळी रक्त तपासत राहावे लागते आणि मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे लागते. ताईला ही गोळी सुरू झाली तेव्हा ती पस्तिशीच्या पुढे होती. वर्षाला आठ-दहा झटके यायचे, ते दोन-तीनवर आले. पण तोवर कमरेच्या खुब्याचे हाड रक्तावाचून झिजून गेले होते आणि ती काठी घेऊन चालत होती.

अपंगांच्या शिबिरात तिचा फक्त खुबा मोजला गेला आणि टक्केवारी चाळीसच्या आत बसली. "हातपाय तर शाबूत आहेत," असे टेबलावरचे गृहस्थ म्हणाले. 1995 च्या कायद्यात सिकलसेल नव्हताच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे प्रकार 21 झाले आणि त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया यांच्याबरोबर सिकलसेलही आला. यामागे ज्यांनी वर्षानुवर्षे अर्जविनंत्या केल्या त्यांत नागपूरचे संपत रामटेके यांचे नाव घ्यावेच लागेल. सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया त्यांनी उभी केली, 2018 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कायदा आल्यावर ताई पुन्हा गेली आणि प्रमाणपत्र घेऊन आली. तिला त्याचा फायदा थोडाच झाला, पण तो कागद तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवला. या कायद्यात एक खोच अजून आहे. उच्च शिक्षणातल्या 5 टक्के जागांवर सिकलसेलच्या मुलांना हक्क आहे, पण सरकारी नोकरीतल्या 4 टक्के राखीव जागांच्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. अपंग म्हणून मान्य, पण नोकरीसाठी नाही. यावर आपल्या संघटनांनी आवाज उठवला पाहिजे. तोवर जे मिळते ते तरी घ्या. यूडीआयडी कार्ड काढा. एसटीच्या साध्या बसमध्ये सिकलसेल रुग्णाला प्रवास मोफत आहे, पुष्कळांना माहीत नसल्याने ते तिकीट काढतात.

नोकरी सोडल्यावर आमच्या बहिणीने काही जणींसोबत विहारांमध्ये तपासणीचे कार्यक्रम सुरू केले. अशाच एका कार्यक्रमात आम्ही मोठा फलक लावला होता. सिकलसेलमुक्त समाज, एकही सिकलसेलचे बाळ जन्मू देऊ नका, असा त्याचा मजकूर. भाषणे झाली, टाळ्या झाल्या. ताई मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, खुब्यामुळे तिला खाली बसता येत नसे. लोक पांगल्यावर तिने फलकाकडे बोट करून विचारले, "मंग माह्यासारखीनं जन्मालेच नाही यावं का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. ती चिडून बोलली नव्हती, खरोखर विचारत होती. आम्ही तो फलक गुंडाळला आणि पुन्हा कधी लावला नाही.

त्यानंतर आमची बोलण्याची पद्धत बदलली. लग्नाआधी दोघांनीही रक्त तपासा, हे आम्ही आजही सांगतो आणि जोर देऊन सांगतो. दोघेही वाहक निघाले तर पुढे काय होऊ शकते ते समजावतो. गर्भातल्या बाळाची तपासणी साधारण तिसऱ्या महिन्यात होऊ शकते, हेही सांगतो. निर्णय त्या दोघांचा. पण ज्या घरात आधीच एसएसचे मूल आहे त्या घरात बसून "असं मूल नको" म्हणत नाही. ते मूल तिथेच दाराआड उभे राहून ऐकत असते. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू केली, 2047 पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे ध्येय ठेवले, 7 कोटी लोकांच्या तपासणीचे ठरवले. चांगलेच आहे. मोहिमेचा रोख आदिवासी भागांवर आहे, आणि विदर्भात हा आजार बौद्ध वस्त्यांत आणि इतर समाजांतही आहे, हे आपण सांगत राहिले पाहिजे. निर्मूलन आजाराचे करायचे आहे, एवढे भान त्या कागदांत आणि आपल्याही भाषणांत राहावे.

अजून एक गोष्ट आहे, ती आपल्यातच बोलायची. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म आपल्याच गटात लग्न करण्यात शोधले होते. आपण दीक्षा घेतली, पण परिचय मेळाव्यात अजूनही पोटजात विचारली जाते, हळू आवाजात का होईना. त्याच त्या घरांत फिरून लग्ने होत राहिली की वाहकाला वाहक भेटण्याची शक्यता वाढत जाते. बाहेर लग्न केल्याने आजाराचा गुण नाहीसा होणार नाही, हे खरे. पण दोन एएस एकत्र येणे कमी होईल. बायोडाटात रास-नाडी आपण टाकली, आता पोटजातीची ओळ काढून तिथे सिकलसेलच्या तपासणीचा निकाल लिहावा, असे आम्ही प्रत्येक मेळाव्यात म्हणतो. अजून फार कोणी ऐकलेले नाही.

ताई गेली ती 2019 च्या डिसेंबरात. नागपूर-नागभीडची छोटी गाडी ब्रॉडगेजसाठी नुकतीच बंद झाली होती, थंडी पडली होती. संध्याकाळी तिला ताप आला आणि छातीत डाव्या बाजूला दुखू लागले. तिने नागपूरला बहिणीला फोन केला आणि स्वतःच म्हणाली, "सर्दी भरली वाटते, सकाळी पाहू." बहीण म्हणाली, "बरं, पॅरासिटामॉल घे, पाणी पी, सकाळच्या पहिल्या बसने ये." आम्ही हे मुद्दाम लिहितो आहोत. सिकलसेलच्या माणसाला 101 च्या वर ताप आला तर सकाळची वाट पाहायची नसते. ताप आणि सोबत छातीत दुखणे किंवा धाप लागणे म्हणजे फुप्फुसातल्या वाहिन्या अडकू लागल्याची खूण असू शकते आणि काही तासांत ते जिवावर येते. लहान मुलाचे पोट डाव्या बाजूला एकाएकी फुगले, ते पांढरे पडले, तर पाणथरीत रक्त साचते आहे असे समजून तेव्हाच निघा. एकाएकी हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, तरीही तेव्हाच. एसएसच्या बाळांना पाच वर्षांची होईपर्यंत पेनिसिलिन आणि न्यूमोनियाची लस देतात ती याच कारणाने, की साधा जंतुसंसर्ग त्यांना साधा राहत नाही. ही सगळी माहिती आमच्या बहिणीला पाठ होती. शंभर कार्यक्रमांत तिने ती सांगितली होती. रात्री दोन वाजता ताईला श्वास घेता येईना, भावाने 108 ला फोन केला, पहाटे ती नागपूरला पोचली आणि तिसऱ्या दिवशी गेली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बचत गटाच्या बाया आल्या. गटाची वही ताईकडेच असायची, अक्षर सुंदर म्हणून. आम्ही ती काढून दिली. पुढच्या बाजूने गटाचा हिशेब होता. मागच्या बाजूने, वही उलटी धरून, ताईने स्वतःची नोंद ठेवली होती. तारीख, किती पेले पाणी, गोळी घेतली की नाही, कुठे दुखले आणि दहात किती. "कंबर 6. सातऱ्यावर गेली." "पाय 8. नाही गेली." अशी पानेच्या पाने. आठच्या खाली असेल तर ती कामावर जात होती.

गटाच्या अध्यक्ष बाईंनी ते पान पाहिले, काही बोलल्या नाहीत. पदरातून दोनशे रुपये काढून वहीवर ठेवले. त्यांच्याकडे नोव्हेंबरची बाकी होती, ताईने समोर लाल पेनाने खूण करून ठेवली होती.

ती वही गट अजून वापरतो. मागची पाने कोणी फाडलेली नाहीत.